एका पोरीसाठी बाटली

नर्सबाईंनी तिसऱ्यांदा दारावर थाप मारली तेव्हा आतला ग्राइंडर आणखी जोरात किंचाळू लागला. वेल्डर घरात होता आणि दार उघडणार नव्हता, एवढं त्याने न बोलता सांगितलं.

शेजारच्या पोराला काल गोवर उठला होता. मधे फक्त एक भिंत. भिंतीच्या अलीकडे वेल्डरची दहा महिन्यांची मुलगी, गोवराची लस न घेतलेली. नर्सबाई सकाळी सगळ्यांत आधी इथेच आल्या होत्या. पण गल्ली त्यांना कडकबाई म्हणायची, तेव्हा चेहरा कडक ठेवणं भाग होतं.

लसीकरणाच्या यादीत या घरापुढे लिहिलं होतं, 'नकार'. "अडाणी लोक," दवाखान्याचे साहेब सकाळीच म्हणाले होते, "जरा दम भरा." खुर्चीत बसून दुसऱ्याला अडाणी म्हणायला काय जातं!

ग्राइंडर थांबला. दारात वेल्डरची बायको आली, मुलगी काखेत.

"या सिस्टर. आज बरी आमची आठवण झाली."

"अगं, शेजारी गोवर आहे. पोरीला लस..."

"आज बाटली फोडणार? की पुन्हा पोरं कमी पडली?"

नर्सबाईंनी लसीच्या डब्याचा पट्टा खांद्यावर सारखा केला.

"दोनदा आले मी. दोन्ही वेळा कामावर बोलणी खाल्ली. तुम्ही म्हणालात, एका पोरीसाठी बाटली फोडता येत नाही, पुढच्या वेळी ये. तेव्हा बाटली महाग होती, आज पोर महाग झाली होय?"

मागून वेल्डर आला, काळा चष्मा कपाळावर. "आणि वर नकार आम्ही दिला म्हणे! परत पाठवलं तुम्ही, नाव आमचं खराब!"

खोटं एक अक्षर नव्हतं. बाटली पाच मुलांची. पावडरीत पाणी मिसळलं की चार तासांत संपवायची, उरेल ती फेकायची, आणि फेकली की साहेबांपुढे उभं राहून बोलणी खायची. त्या भीतीने नर्सबाई आयांना माघारी पाठवत आल्या होत्या. 'आम्हीच परत पाठवलं' असा रकाना यादीत नव्हता. म्हणून 'नकार'.

"माझं चुकलं," त्या म्हणाल्या.

"काय? ऐकू नाही आलं," वेल्डर म्हणाला.

"माझं चुकलं! दोनदा परत पाठवलं हिला. मी!"

गल्लीत दोन खिडक्या किलकिल्या झाल्या. तेवढ्यात फोन वाजला. साहेब.

"किती मुलं जमली?"

"एक."

"मग फोडू नका, हं. चार डोस फुकट जातील."

वेल्डरची बायको रोखून बघत होती.

"फोडली, साहेब," नर्सबाई म्हणाल्या आणि फोन कापला. मग उंबऱ्यावर बसून डबा उघडला आणि खरोखर फोडली. पावडरीत पाणी मिसळलं.

"घ्यायची की नाही, तू ठरव. पण बाटली नाही म्हणून तुला आज कुणी परत पाठवणार नाही."

"ताप येईल?"

"येऊ शकतो, आठवडाभराने. थोडं पुरळही. आलं तर मला फोन कर. मी नाही आले तर दवाखान्यात येऊन चारचौघांत माझी लाज काढ."

बाईने नवऱ्याकडे पाहिलं. तो तोंड फिरवून म्हणाला, "धर नीट. लाथा मारते ती."

सुई टोचली. पोरीने गल्ली डोक्यावर घेतली.

आता अर्धा तास तिच्यावर नजर ठेवायची होती. नर्सबाई उंबऱ्यावरच बसल्या. फोन पुन्हा वाजत होता, तो त्यांनी वाजू दिला.

पोरीला थोपटत तिची आई समोरच्या खिडकीकडे ओरडली, "ए, ये की घेऊन तुझ्याला! चार पोरांची उरलीय."

"कडकबाईंनी फोडली? एकीसाठी?"

"माझ्या डोळ्यांदेखत!"

समोरची कडी निघाली. पलीकडची तीन दारं मात्र बंदच राहिली. त्यांतल्या दोन घरांतल्या आयांना कुणी परत पाठवलं होतं, ते नर्सबाईंना पक्कं ठाऊक होतं. अर्धा तास सरल्यावर त्या डबा घेऊन उठल्या आणि पहिल्या दारासमोर जाऊन उभ्या राहिल्या.