बारावा दिवा

अनुषाच्या पीएच.डी.ला शाईपेक्षा पितळ जास्त लागलं. भजनात मधोमध ठेवायचा दिवा स्वतः घडवायचा आणि घडवताना काय उमगलं ते लिहायचं, असा तिचा डिझाइनचा प्रबंध. कुंभकोणमला सेतुराम यांच्या ओतकामाच्या कारखान्यात ती दोन वर्षं राबली. अकरा दिवे फसले, बारावा जमला.

वार्षिक परीक्षण चार दिवसांवर आलं तेव्हा मार्गदर्शक शरण्या मॅडमचा फोन आला. "फसलेले अकराही आण हं. परीक्षक तेच मागतील. नाहीतर वर्ष वाया जाईल."

पण अकरा उरले होते कुठे? कारखान्याची रीतच होती, फसलेला दिवा ठेवायचा नाही, दिवेलागणीच्या आत परत वितळवायचा. अनुषानेही शहाण्या सुनेसारखी रीत पाळली. एक फोटो काढून ठेवायचं सुचलं नाही.

ती सेतुरामांकडे धावली. म्हातारा जागचा हलला नाही. "लिही," तो तमिळमध्ये म्हणाला आणि बोटांवर मोजू लागला. "पहिल्यात मेण पुरतं निघालं नव्हतं. दुसऱ्याचा साचा ओला होता. तिसऱ्याला पितळ कमी पडलं, तुझ्या अप्पांनी..."

अनुषाची पेन्सिल थांबली. तिचे वडील, अप्पा, रोज संध्याकाळी तिथे कॉफी घेऊन यायचे आणि नको ते सल्ले द्यायचे. पितळ कमी पडलं त्या दिवशी त्यांनी कॉफीचा शेवटचा घोट घेतला, पेल्याखालचा वाटीसारखा पितळी डवरा वेष्टीच्या सोग्याला पुसला आणि पुढे केला.

"हे घाल."

"मग कॉफी, अप्पा?"

"मज कशास डवरा? पेला आहे की."

डवरा घालूनही तिसरा दिवा तडकला. पुढे मार्गळी महिन्यात अप्पा गेले. घरी फळीवर नुसता पेला उरला. त्याच्याकडे पाहिलं की, आपण अप्पांचा डवरा फुकट घालवला, हेच तिच्या मनात यायचं.

"वाया गेला तो," ती म्हणाली.

"जाईल कुठे?" सेतुराम चिडलेच. "तिसऱ्याचं पितळ चौथ्यात, चौथ्याचं पाचव्यात. त्यानंतर मी बाहेरचं कधी घातलं? सगळं बाराव्यात आहे."

अनुषा तिथेच मातीत बसली आणि पोटभर रडली. मग डोळे पुसून तिने उरलेल्या आठ चुका लिहून घेतल्या.

परीक्षणाला तिने वही, दिवा आणि तो पेला नेला. अकरा चुका ओळीने सांगितल्या. तिसरीपाशीही ती थांबली नाही. परीक्षकांनी वही चाळून पाहिली आणि पुढच्या वर्षाची परवानगी दिली.

मग एकाने विचारलं, "आणि हा पेला कशाला?"

अनुषाने तो दिव्याला लागून ठेवला. "याचा डवरा ह्या दिव्यात आहे, सर. म्हटलं, आज जोडी राहू दे."