हुडकेश्वरच्या मैदानातला मल्लखांब

मी हुडकेश्वरच्या एका माध्यमिक शाळेतला सागवानी मल्लखांब. आज सायकल स्टँडमागे आडवा पडलोय, पण माझेही उभे दिवस होते.

धम्मानंद सर म्हणजे नऊशे मुलांमागे खेळाचे एकटे शिक्षक. माझ्यासाठी खड्डा त्यांनी स्वतः खणला. रोज मला एरंडेल चोळायचे. मुलं माझ्या मानेला मिठी मारून उलटी लटकायची. मयुरा तेव्हा सहावीत होती. ती माझ्या माथ्यावरच्या बोंडावर उभी राहिली, की खाली सगळे श्वास रोखून बघत.

पुढच्या वर्षी खेळाचा तास गणिताने घेतला, मग विज्ञानाने. सरांच्या हाती मतदारयाद्या आल्या, पोषण आहाराची माहिती आली. मैदानात नव्या खोल्यांच्या विटा पडल्या. माझ्याकडे कुणी फिरकेना.

त्याच सुमारास माझ्या बुडाशी वाळवी लागली. आधी नुसती खाज सुटल्यासारखं वाटलं. मग आतून भुसा सांडू लागला. वरून मी होतो तसाच गुळगुळीत दिसत होतो. सांगणार तरी कुणाला?

अशी तीन वर्षं गेली. एके दिवशी शाळेच्या तपासणीला साहेब येणार होते.

"सर, मल्लखांब दाखवा. फोटो पाहिजे," मुख्याध्यापिका वंदना मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, तीन वर्षांत कोणी चढलं नाही. पोरायचा सराव नाही."

"मयुराले तर येते ना?"

दहावीतली मयुरा हरखून पुढे आली. तिने मला विळखा घातला मात्र, आणि मातीखाली माझी एक शीर तुटली. मी जीव खाऊन उभा राहिलो. बारीकशी करकर झाली. ती फक्त सरांनी ऐकली.

"थांब वं मयुरा, उतर. पहिले मी चढून पाहतो."

"सर, साहेबांची गाडी येऊन राहिली!" मॅडम ओरडल्या.

"येऊ द्या."

बावन्न वर्षांच्या त्या माणसाने बूट काढले. त्यांचे पाय जमिनीवरून उचलले गेले आणि मला कळलं, आता काही खरं नाही. मी बुडातून मोडलो. ते खाली, त्यांच्या मांडीवर मी. उघड्या पडलेल्या माझ्या पोकळीत वाळवी वळवळत होती. मयुरा किंचाळतच राहिली.

सर वाचले, पण अजून त्यांना काठीशिवाय चालता येत नाही. अहवालात लिहिलं गेलं : शिक्षकाचा निष्काळजीपणा. मैदानाला कुलूप लागलं.

मी पडलोय तिथून दहावीचा वर्ग दिसतो. शुक्रवारी पुन्हा सुरू झालेल्या खेळाच्या तासाला सरांच्या जागी मेघा मॅडम मल्लखांबाची माहिती लिहून देतात. उंची, घेर, लाकूड. मुलं मान खाली घालून लिहितात.

परवा मयुराने पेन ठेवला. "मॅडम, चढाचं कसं, ते सांगू का मी?"

"ते पेपरात येत नाही वं. लिही."

तिने लिहिलं.

कुणीतरी मैदानाचं ते कुलूप काढा हो, नवा खांब उभारा. या शाळेत मल्लखांबाच्या बोंडावर उभी राहिलेली ती एकटीच उरली आहे, आणि मार्चमध्ये तिची शाळा संपते.