कड्याचं दुसरं टोक

मी एक जुना लाकडी कॅमेरा आहे. जेद्दाच्या जुन्या शहरात, बलदमध्ये, इब्राहीमच्या फोटो स्टुडिओत, वरच्या फळीवर, काळं कापड पांघरून बसलेला असतो. मित्रांनो, एके काळी मला फार मिजास होती. आज तुम्हाला माझी गोष्ट सांगायची तर लाज वाटते. पण सांगतो, कारण ती लाज माझ्या कामाची निघाली.

माझा जन्म पहिलं महायुद्ध संपल्यावर विलायतेत झाला. सागवानी अंग, चामड्याचा भाता आणि पुढे पितळेत बसवलेलं भिंग. भिंगाच्या गळ्याशी एक पितळी कडं आहे. ते एका टोकाला फिरवलं की मला सगळं जसंच्या तसं, लख्ख दिसतं. दुसऱ्या टोकाला फिरवलं की माझी नजर मऊ होते. मग सुरकुत्या, डाग, व्रण विरघळतात आणि चेहऱ्याभोवती सायीसारखा उजेड पसरतो. लोकांना हे दुसरं टोकच आवडे. लंडनच्या स्टुडिओत रेशमी झगे आणि मोत्यांच्या माळा घातलेल्या बायका माझ्यासमोर हनुवटी उचलून बसत, आणि त्यांचे फोटो फॅशनच्या मासिकांत छापून येत. पहिलं टोक कुणी कधी वापरलंच नाही.

पुढे मुंबईच्या राजाभाऊंनी मला विकत घेतलं. गिरगावात त्यांचा स्टुडिओ होता. बोलपट नुकते सुरू झाले होते आणि नटनट्यांना फोटोंचं वेड लागलं होतं. भर मे महिन्यात, दिव्यांच्या झोतात, खांद्यावर फरची केसाळ कातडी टाकून त्या बसायच्या आणि घाम पुसायला एक बाई शेजारी उभी असायची. मिस इस्मत म्हणून एक नटी यायची. तिच्या गालांवर देवीचे व्रण होते. माझ्या फोटोत एकही दिसला नाही. त्या फोटोने तिला मोठं केलं, आणि मग ती दिवसाउजेडी बाहेर पडेनाशी झाली. "राजाभाऊ, लोक ज्या बाईला बघायला येतात ती मी नाही," असं ती एकदा म्हणाली. राजाभाऊ हसले. मीही मनातून हसलो. मला वाटलं, ही माझी स्तुती आहे.

दिवस पालटले. छोटे कॅमेरे आले, राजाभाऊ थकले, स्टुडिओ बंद झाला. त्यांच्या हाताखाली तयार झालेला हर्णैचा इब्राहीम जेद्दाला निघाला तेव्हा राजाभाऊंनी मला त्याच्या स्वाधीन केलं. बलदमध्ये त्याने कफीलच्या, म्हणजे तिथल्या अरब जामीनदाराच्या, नावावर दुकान थाटलं. इकाम्याचे, म्हणजे तिथल्या राहण्याच्या परवान्याचे, आणि पासपोर्टचे फोटो तो छोट्या कॅमेऱ्याने काढी. मला मात्र कुणी कोकणी पोरगा गावाकडे मुलीवाल्यांना फोटो पाठवायचा म्हणाला की मगच खाली उतरवी. अर्थातच कडं मऊ टोकाला असे. किती सोयरिकी माझ्यामुळे जमल्या आणि भेटीनंतर किती मोडल्या, ते विचारू नका.

मग इराकने कुवेत घेतलं. इब्राहीमची भाची समरीन तिथे राहत होती. तिचा नवरा शारीक रजेवर रत्नागिरीला गेला होता, तो तिकडेच अडकला. ती लहानग्या अफशाँला घेऊन शेजाऱ्यांच्या गाडीतून सौदीत यायला निघाली. वाळूत गाडी उलटली. मुलीला खरचटलंही नाही, पण काचेने समरीनचा चेहरा कपाळापासून हनुवटीपर्यंत फाटला. हुफूफच्या इस्पितळात टाके पडले. जखम भरली, पण लाल, जाड व्रण राहिला. त्या दिवसापासून अफशाँ आईच्या तोंडाकडे बघेना. जेवण भरवायला गेली तर मान फिरवी.

जानेवारीत त्या दोघी जेद्दाला मामाकडे पोचल्या. समरीनचा पासपोर्ट कुवेतच्या कफीलच्या तिजोरीत राहिला होता. घरी जायचं तर वकिलातीतून तात्पुरता कागद हवा होता, आणि कागदाला फोटो. युद्ध कधीही पेटेल अशी हवा होती. बुधवारी संध्याकाळच्या विमानात जागाही मिळाली होती.

आदल्या दिवशी समरीन फोटोला बसली. इब्राहीमने छोटा कॅमेरा उचलला, तिच्याकडे पाहिलं आणि खाली ठेवला. त्याला ते बघवेना. तो मला काढून आणायला गेला.

"मामू, साधा फोटो हवा," समरीन म्हणाली.

"बेटा, जरा बस. शारीक बघल, तुजी आई बघल. तू व्हतीस तशी दिसशील."

मित्रांनो, मी काय केलं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. कडं मऊ टोकाला होतं, दिवा बाजूने होता, आणि व्रण पार नाहीसा झाला. कागदावर चित्र उमटलं तेव्हा समरीन रडली आणि मग हसली. अफशाँने एक प्रत उचलून छातीशी धरली. "दॅट्स माय मम्मी," ती म्हणाली. मी फुगून गेलो.

बुधवारी वकिलातीच्या कचेरीत विजयकुमार नावाच्या कारकुनाने फोटो हातात घेतला आणि समरीनकडे पाहिलं. तो चांगला माणूस होता. त्याने आवाज खाली आणला. "मॅडम, ये आप नहीं लगतीं. मुंबई में वहाँ का आदमी यही फोटो लेकर आपको देखेगा. दूसरा ले आइए."

इब्राहीम समरीनला घेऊन धावत दुकानात आला, पण दुसरा फोटो काढून नेईपर्यंत कचेरी बंद झाली असती हे त्यालाही कळत होतं. विमान त्यांच्याशिवाय गेलं. दुसऱ्या दिवशी पहाटे युद्ध सुरू झालं आणि मुंबईची विमानं थांबली.

त्या दोघी दुकानामागच्या खोलीत राहिल्या. हल्ल्याच्या भीतीने काचांवर चिकटपट्ट्या लावल्या होत्या, रेडिओ दिवसभर चालू असे. अफशाँ तो फोटो उशीशी घेऊन झोपायची, त्यालाच गुड नाइट म्हणायची. आई शेजारी बसलेली असायची आणि मुलगी कागदाशी बोलायची. मला फळीवरून, उघड्या दारातून सगळं दिसे. इतकी वर्षं ज्याच्यासाठी माझी वाहवा झाली, ते काम त्या उशीवर पडलेलं होतं. तोंड लपवायला मला काळं कापड पुरेना.

इब्राहीमची तर आणखी वाईट दशा. तो समरीनशी बोलताना जमिनीकडे बघे. शेवटी एका दुपारी तीच दुकानात येऊन स्टुलावर बसली.

"फोटो काढा, मामू. लढाई संपली की कागद लागंल."

"माफ कर बेटा. माज्यामुळं तुजं विमान गेलं."

"विमानाचं काय, परत येईल. माज्या तोंडाची मना लाज नव्हती. पोरीला वाचवून आणताना झालंय ते. तुमाला लाज वाटली, म्हणून मना वाटाया लागली."

इब्राहीमने दिवा लावला. मग छोट्या कॅमेऱ्याकडे वळला.

"तो नको," समरीन म्हणाली. "ज्यानं खोटं काढलं, त्यालाच खरं काढू द्या."

इब्राहीमने मला खाली घेतलं आणि माझं कडं धरलं. ते हलेना. इतक्या वर्षांत त्या बाजूला गेलंच नव्हतं. तेलाचा थेंब सोडून, फडक्याने धरून, त्याने ते करकरत पहिल्या टोकाला नेलं.

आणि मला समरीन दिसली. प्रत्येक टाका, भुवईतली तुटलेली रेघ, ओठाच्या कोपऱ्याशी ओढली गेलेली कातडी. असा एकही चेहरा मी जन्मात पाहिला नव्हता, आणि मिस इस्मतचा पाहायचा राहून गेला होता. मी शरमेने आणि आश्चर्याने तिच्याकडे बघत राहिलो.

अफशाँ दाराशी उभी होती. इब्राहीमने तिला उचलून माझ्या काळ्या कापडाखाली घेतलं. माझ्या मागच्या काचेवर चित्र उलटं पडतं, हे तिला ठाऊक नव्हतं.

"मम्मी उल्टी लटकी है," ती म्हणाली आणि खुदकन हसली. मग बघतच राहिली. उलट्या चेहऱ्यावरचा व्रण तिने बोटाने काचेवर वरपासून खालपर्यंत गिरवला. मग कापडाबाहेर निघून थेट आईपाशी गेली आणि तेच बोट खऱ्या व्रणावर ठेवलं.

"दुखता है?"

"आता नाय," समरीन म्हणाली. इब्राहीमला तेव्हा फोटो काढायचं भानच राहिलं नाही. थोड्या वेळाने काढला. त्याची एक प्रत समरीनने शारीकला रत्नागिरीला पाठवली. लढाई संपल्यावर दुसरी कागदावर लागली, आणि त्या दोघी घरी गेल्या.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची निगा राखा, असं प्रत्येक जुनी वस्तू सांगते. मीही सांगतो. माझ्या भात्याला कसर लागू देऊ नका, भिंग मऊ फडक्याने पुसा. मात्र पुसताना कड्याला हात लावू नका. इब्राहीमने ते त्या दुपारी जिथे नेऊन सोडलं, तिथेच ते राहू द्या. समरीनचा चेहरा मला त्याच टोकाला दिसला होता.