आवाज आरोहीचा

"सर, व्हिडिओत तोडलेले शब्द माझे, मग आवाज आरोहीचा का?"

विचारलं मी. अख्ख्या बॅचसमोर, उभं राहून. "तुझी टरकणार," म्हणून मेघनाने मला डिवचलं होतं. नाही टरकली.

आमचा दादरचा क्लास मेडिकलच्या तयारीचा, नववीपासूनच. शरीराच्या भागांची नावं इतकी लांब की वाचतानाच मुलं गळतात. मराठी शाळेतून आलेली मी एकटी, त्यामुळे मला ती तोडूनच जमली. स्टर्-नो, क्लाय-डो, मॅस्-टॉइड. स्टर्नो छातीचं मधलं हाड, क्लायडो गळ्याखालचं आडवं, मॅस्टॉइड कानामागचं. तिघांना जोडणारा मानेचा स्नायू. म्हणजे ते नाव नाहीच, पत्ता आहे. मान वळवा, बोट ठेवा, सापडतो. मागच्या बाकावर मी हे मेघनाला शिकवताना अवधूत सरांनी पाहिलं आणि मला थेट फळ्यापाशी नेलं. मग रोज तासाची शेवटची दहा मिनिटं माझी. डिलाईल रोडला घरी पोहोचेपर्यंत मी हवेत असायचे.

काल क्लासच्या चॅनेलवर व्हिडिओ आला. माझे तुकडे, माझा तो पत्ता, सगळं फाडफाड इंग्रजीत, पहिल्या बाकावरच्या आरोहीच्या तोंडून. माझं नाव कुठेच नाही.

सर हसले. "अगं मनवा, डोकं तुझं, उच्चार तिचे. तुझे ऐकून पालक दुसरा क्लास शोधतील ना."

वर्ग हसला. मेघनासुद्धा. आरोही वहीत बघत राहिली.

"शनिवारी पोटाचे शब्द तोडून आण. पुढच्या व्हिडिओला लागतील. बस आता."

मी घरी पोहोचायच्या आत त्यांचा फोन येऊन गेला होता.

"कित्याक इचारलंस?" पप्पा म्हणाले. "सर म्हणतात, पोरगी हुशार, पण तोंड फार."

"आवाज कुणाचा का असेना," आई कणीक मळता मळता म्हणाली. "सॉरी म्हणून टाक. एवढ्या मोठ्या क्लासात घेतलंय तुला."

"घेतलंय म्हणजे? परीक्षा देऊन गेलेय मी."

"गप रव गो." पप्पांनी मोबाइल पुढे केला. व्हिडिओ चालूच होता. "ही पोरगी बोलते मात्र छान."

मी तो बंद केला.

"सॉरी म्हणणार नाही. शनिवारी शब्द नेणार नाही. आणि त्या क्लासात आता पाऊल ठेवणार नाही. डॉक्टर मी होणारच आहे पप्पा, पण त्यांच्याकडून नाही."