चार वाजताचं पाणी

मित्रांनो, जवळ या, पण हात जरा जपून. मी एक जुना निवडुंग आहे. पॅरोडिया हे माझं कुळ. आमचे पूर्वज दक्षिण अमेरिकेतल्या खडकाळ माळांवरचे. गोल निळसर अंग, सोनेरी काटे आणि उन्हाळ्यात डोक्यावर पिवळी फुलं, असा आमचा थाट. स्वतःची स्तुती करू नये म्हणतात, पण खरं सांगायला कसली लाज?

खसखशीहून बारीक बीतून मी एका रोपवाटिकेत उगवलो. घड्याळजींच्या लेकीने मला शाळेत असताना घरी आणलं. जाड वाळू, बारीक खडी, तळाला भोक असलेली कुंडी आणि घड्याळजींच्या दुकानाच्या खिडकीतलं ऊन, एवढ्यावर मी नऊ वर्षं ऐटीत काढली. माती पार कोरडी झाली की ती पाणी घाली, थंडीत जवळजवळ नाहीच. मग तिला दूरच्या शहरात नोकरी लागली. निघताना ती म्हणाली, "बाबा, याला सांभाळा हं. मी येईन तेव्हा मला हा जिवंत हवा."

घड्याळजींनी शब्द दिला आणि तिथेच घोटाळा झाला. त्यांचं सगळं वेळेवर. भिंतीवरच्या घड्याळांनी चारचे ठोके दिले की मला तीन चमचे पाणी आणि लगेच लेकीला फोन. एका दिवसाचा खाडा नाही, अगदी थंडीतसुद्धा! ओरडून सांगावंसं वाटे, पण निवडुंगाला तोंड कुठलं? मी बुडापासून मऊ पडत गेलो. एके दिवशी कललोच, तेव्हा घड्याळजींच्या तोंडचं पाणी पळालं.

नशीब माझं, त्याच दिवशी रोपवाटिकेच्या बाई घड्याळाचा पट्टा बदलायला आल्या. त्यांनी मला बोटाने दाबून पाहिलं.

"अहो, लाडाने कुजवलंत की याला!"

"रोज न चुकता पाणी घातलं हो."

"तेच तर चुकलं."

त्यांनी सांगितलं तसं घड्याळजींनी स्वच्छ पात्याने माझा कुजका भाग कापला. एकही तपकिरी ठिपका उरला नाही, तेव्हाच त्यांचा हात थांबला. मी निम्मा उरलो. दोन आठवडे मला सावलीत सुकवलं, मग कोरड्या वाळूवर नुसतं टेकवलं. चार वाजले की त्यांचा हात चमच्याकडे जाई आणि ते तो हात खिशात कोंबत. महिन्याने मला मुळं फुटली. हार मानणाऱ्यांतला मी नव्हेच!

पण घड्याळजींनी धडा जरा जास्तच घेतला. आपण पोरीलाही असंच गुदमरवत असू, असं वाटून त्यांनी रोजचा फोन महिन्यावर नेला. चार वाजता ते नुसते फोनकडे बघत बसत. मला त्यांची फार दया येई.

उन्हाळ्यात माझी पहिली कळी उमलली, त्याच दिवशी लेक न कळवता दारात उभी राहिली. माझ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

"बाबा, माझं काही चुकलं का? रोज फोन का करत नाही तुम्ही?"

घड्याळजींनी मान खाली घालून सगळी हकिकत सांगितली. ऐकता ऐकता तिचे डोळे भरले आणि हसूही फुटलं.

"अहो बाबा, मी काय निवडुंग आहे?"

मित्रांनो, मला पाणी घालण्याआधी माती बोटाने चाचपा. आपल्या माणसांना काय हवं, ते मात्र त्यांनाच विचारा. त्यांना तोंड आहे. आता चारचे ठोके पडले की फोन लेकीचाच येतो, आणि मी खिडकीत कोरडा ठणठणीत बसून ऐकतो.