लागलं का रं?

शंभुलिंगला बसवत नव्हतं. गल्ल्यावर बसला की रस्ता बघायचा, रस्त्यावर उभा राहिला की गल्ल्याकडं परतायचा. उमरग्याच्या बाहेर, हायवेला लागून त्याचं आणि लिंबाजीचं निम्म्या-निम्म्या भागीचं हाटेल. आठवडा झाला, लिंबाजी तिकडं फिरकला नव्हता. गिऱ्हाइकं 'धाकटा कुठाय' म्हणून विचारायची आणि शंभुलिंग ज्याला त्याला 'गावाला गेलाय' म्हणून सांगायचा. गावाला बिवाला कुणी गेलं नव्हतं. लिंबाजी शंभुलिंगच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडं, आपल्या घरात गप बसून होता.

थोरला आणि धाकटा ही नावं बोअरवाल्यांनी पाडलेली. बोअर पाडणाऱ्या गाड्या थेट तमिळनाडूतून यायच्या आणि हाटेलापुढं मुक्काम ठोकायच्या. त्यातल्या मुरुगेसन नावाच्या ड्रायव्हरनं फार वर्षांपूर्वी हाटेलातल्या टीव्हीवर आपल्या मुलखातले जुने काळे-पांढरे सिनेमे लावले. त्यात दोन नट हटकून असायचे. एक काटकुळा, एक गोल गरगरीत. काटकुळा खेकसायचा, गोल गडी घोळ घालायचा आणि मार खायचा. हिरो बदलले, हिरॉईनी बदलल्या, ही जोडी काही हलली नाही. शंभुलिंगला आणि लिंबाजीला तमिळ ओ की ठो कळत नव्हतं, तरी दोघं पोट धरून हसले. मुरुगेसन दोघांकडं बोट दाखवून म्हणाला की हे तर तुम्हीच. शंभुलिंग होता काटकुळा आणि लिंबाजी गोल, त्यामुळं वाद घालायला जागाच नव्हती. तेव्हापासून शंभुलिंग थोरला आणि लिंबाजी धाकटा.

मग त्यांनी आपला खेळ बसवला. गिऱ्हाईक म्हणालं, च्यात साखर कमी आहे, की लिंबाजी त्याच्या हातातला ग्लास घ्यायचा, एका घोटात रिकामा करायचा आणि तोंड पुसत म्हणायचा, "बराबर हाय की साखर." की शंभुलिंगनं खांद्यावरचा टावेल ओढून त्याच्या पाठीत हाणलाच. "आरं ठोंब्या, गिऱ्हाइकाचा च्या पिलास व्हय?" अख्खं हाटेल खिदळायचं. साखर चांगली असली तरी लोक मुद्दाम कमी म्हणायचे. गर्दी ओसरली की शंभुलिंग हळूच विचारायचा, "लागलं का रं?" लिंबाजी म्हणायचा, "न्हाय. टावेल तर हाय." वर्षानुवर्षं रोज हेच चाललं होतं.

मग कुणा रिकामटेकड्यानं मोबाईलवर व्हिडिओ काढला, आणि तोही नेमका अर्धाच टाकला. त्यात च्या नाही, हसणं नाही. नुसता टावेल, आणि मान खाली घातलेला लिंबाजी. वर लिहिलं, म्हाताऱ्या नोकराला मारहाण. लिंबाजीच्या मुलीला, शिवांजलीला, सास्तूरचं चांगलं स्थळ आलं होतं. व्हिडिओ तिथवर पोचला आणि मुलाचे चुलते महारुद्र यांचा निरोप आला, आम्ही येऊन बघतो, मग ठरवू.

लिंबाजीचा मुलगा रणधीर तणतणत हाटेलात आला. "काका, बाबा आता हितं येनार न्हाईत."

"आरं, खेळ हाय त्यो. म्या रोज त्याला इचारतो, लागलं का म्हनून."

"आन ते न्हाय म्हनतात. दुसरं काय म्हनतील तुमाला?"

ते शंभुलिंगच्या काळजात रुतलं. त्या दिवसापासून त्याला जेवण गोड लागेना. एकटा असताना त्यानं टावेल घेऊन स्वतःच्या मांडीवर हाणून पाहिला, पण आपल्याच हातानं मारलेलं काय कळणार? त्यानं वाढप्याला हाताशी धरून खेळ करून बघितला, तर एकही गिऱ्हाईक हसलं नाही. उलट एका बाईनं वाढप्याला जवळ बोलावून विचारलं, मालक रोजच मारतो का.

त्यातच मुरुगेसनची गाडी आली. शंभुलिंगनं त्याला कोपऱ्यात घेतलं आणि विचारलं, सिनेमातल्या त्या गोल माणसाला कधी लागत होतं का? मुरुगेसननं डोकं खाजवलं. ते काही त्याला ठाऊक नव्हतं. पण काटकुळ्यानं एकदा दुसरा गडी घेऊन सिनेमा केला, तेव्हा लोक हसले नाहीत, असं तो म्हणाला. लोकांना नुसता मार दिसला. शंभुलिंगनं उठून टेबल पुसायला घेतलं.

पाहुणे यायच्या दिवशी लिंबाजीनं हट्ट धरून शंभुलिंगला बोलावून घेतलं. रणधीरनं दारातच बजावलं, "या, पर बाबास्नी अहो-जाहो बोला. दुसरं काय बी नगं." शंभुलिंगनं मान हलवली. आत जाऊन तो अदबीनं म्हणाला, "लिंबाजीराव, तुमी वर बसा, म्या हितं बसतो." लिंबाजीचा चेहरा पार उतरला. परक्याच्या घरात चुकून शिरल्यासारखा तो खुर्चीच्या कडेवर टेकला.

महारुद्र आडपडदा ठेवणारे नव्हते. "व्हिडिओतले तुमीच न्हवं?" त्यांनी शंभुलिंगला विचारलं.

"व्हय, म्याच."

"ह्ये तुमच्याकडं कामाला हाईत?"

"न्हाय, निम्मं हाटेल त्यांचं हाय."

"मग भागीदाराला कोन टावेलानं मारतं?"

शिवांजली च्या ठेवून आत गेली. महारुद्रांनी एक घोट घेतला, कप खाली धरला आणि सरळ सांगून टाकलं, "साखर जरा कमी पडली."

रणधीरनं डोळे मिटले. लिंबाजीचा हात सवयीनं उचलला गेला आणि मुलाकडं बघून परत गुडघ्यावर आला. त्यानं शंभुलिंगकडं पाहिलं. आपलं आता काहीही होवो, पण हा माणूस असा बसलेला बघवत नाही, असं शंभुलिंगला वाटलं. तो उठला, पाहुण्यांच्या हातातला कप घेतला, एका घोटात रिकामा केला आणि तोंड पुसलं.

"बराबर हाय की साखर."

लिंबाजी सावकाश उभा राहिला. आपल्या खांद्यावरचा नवाकोरा टावेल त्यानं ओढला आणि शंभुलिंगच्या पाठीत सपकन हाणला.

"आरं ठोंब्या, पाव्हन्यांचा च्या पिलास व्हय?"

आधी महारुद्रांचं पोट हललं. मग खांदे हलले, मग ते मोठ्यानं हसायलाच लागले आणि आतून शिवांजलीचंही हसू ऐकू आलं. "आमी अर्धंच बघितलं हुतं की," ते डोळे पुसत म्हणाले. "पोरगी पसंत हाय. आता माजा च्या तेवडा परत सांगा."

पाहुणे गेल्यावर लिंबाजी शंभुलिंगला वाटेला लावायला निघाला आणि दोघं चपला घालत दारात उभे राहिले. शंभुलिंगची पाठ मिरची लावल्यासारखी चुरचुरत होती. लिंबाजी जवळ सरकला.

"लागलं का रं?"

"न्हाय. टावेल तर हाय."

लिंबाजी गालात हसला. "म्या बी हेच म्हनत आलो."

शंभुलिंगला त्याच्याकडं बघवेना. एवढी वर्षं विचारत आलो आणि एकदाही कळलं नाही, याची त्याला फार लाज वाटली. "मग बोलला का न्हाईस कंदी?"

"मजा येत हुती की. लागत बी हुतं, आन मजा बी येत हुती." लिंबाजीनं वाकून चपलेचा पट्टा नीट केला. "उद्या सकाळी येतो. घरातला जुना पातळ पंचा हाय, त्यो घिऊन येतो. तुजा त्यो टावेल आता टेबलं पुसायला ठिव."