चिठ्ठीवर ‘मादी’ लिहिलेला बाप

घाबरू नका मित्रांनो, बरणीतून बोलतोय तो मीच. मी एक जुना समुद्रघोडा आहे. प्राणिशास्त्र विभागाच्या तिसऱ्या कपाटात, वरून दुसऱ्या फळीवर, गेली अडतीस वर्षं स्पिरिटमध्ये उभा आहे. तोंड घोड्यासारखं म्हणून घोडा म्हणतात, पण मी आहे मासाच. आणि मी नर आहे. हे इतकं ठासून का सांगतोय, ते पुढे कळेल.

समुद्रातल्या गवतात मी वाढलो, तिथेच मला जोडीदारीण मिळाली. आमच्यात पिल्लं बाप वाढवतो, तीही पोटावरच्या पिशवीत. हसू नका, खरंच सांगतोय! मादीला अंडी सोडायची एक छोटी नळी असते. ती तिने माझ्या पिशवीच्या तोंडाशी लावली आणि सगळी अंडी माझ्या हवाली केली. ती आतच फळली, मग पिशवीचं तोंड मिटलं. आतल्या मऊ कातडीत रक्तवाहिन्यांचं जाळं असतं, त्यातून पिल्लांना प्राणवायू मिळतो. रोज सकाळी जोडीदारीण येऊन विचारपूस करून जायची. मी मोठ्या तोऱ्यात असायचो.

पिल्लं बाहेर यायला दोन-चार दिवस उरले असतील, तेवढ्यात मी जाळ्यात सापडलो. जाळ्यातून बादलीत आणि बादलीतून या विभागात आलो, तो पिशवी भरलेली असतानाच. त्याचं दुःख मला आजही आहे.

माझी बरणी भरली ती इथले नमुने सांभाळणाऱ्या काकांनी. त्यांच्या कपड्यांना कायम तोच वास, म्हणून सगळे त्यांना स्पिरिटकाका म्हणत. माणूस कामाला चोख. दर महिन्याला एकेक बरणी उजेडात धरायचे, पातळी उतरली असली तर काठोकाठ भरायचे, मग झाकण घट्ट लावायचे. पण माझ्या बाबतीत घात झाला. फुगलेलं पोट पाहून काकांनी काळ्या शाईने चिठ्ठी लिहिली, ‘समुद्रघोडा, मादी’, आणि बरणीत माझ्या नाकासमोर सोडली. तेव्हाचे विभागप्रमुख, म्हणजे मोठे सर, रजेवर होते. परत आल्यावर त्यांनी न बघताच वहीत सही ठोकली. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला! पण बरणीतल्या माशाचं ऐकतो कोण?

जागा मात्र काकांनी झकास दिली. शेजारी माझे तीन चुलतभाऊ, लांबट अंगाचे नळीमासे, तेही सगळे बाप. पहिल्याच्या उघड्या पोटावरच अंडी चिकटलेली. दुसऱ्याच्या पोटाला दोन्हीकडून कातडीच्या घड्या. तिसऱ्याच्या घड्या मधोमध जवळजवळ भिडलेल्या. चौथा मी, बंद पिशवीचा. हे माझे पूर्वज नव्हेत हं, एकाच घराण्याच्या आम्ही वेगवेगळ्या शाखा. पण ओळीने पाहिलं की पिशवी कशी घडत गेली असेल, ते उमगतं. कुणी एके दिवशी ठरवून ती शिवली नाही. एखाद्या बापाच्या पोटाची कातडी जन्मतःच जराशी उचललेली असायची. त्याची अंडी लाटेबरोबर थोडी कमी वाहून जायची, जास्त पिल्लं जगायची, आणि त्यांच्याही पोटाला तशीच कातडी यायची. असं लाखो वर्षं चाललं. त्यात किती अंडी वाहून गेली, ते कुणालाच ठाऊक नाही.

विद्यार्थी यायचे, आमची चित्रं काढायचे, ‘वा!’ म्हणायचे. पुढे स्पिरिटकाका निवृत्त झाले आणि आमच्याकडे सगळ्यांनी कानाडोळा केला. स्पिरिट उडत गेलं, मानेखाली उतरलं. माझी कातडी सुरकुतली आणि पिशवीचं तोंड त्या सुरकुत्यांत पार दिसेनासं झालं.

यंदा या खोलीत कॉम्प्युटर बसवायचं ठरलं. विभागप्रमुखांनी हुकूम काढला, की ज्याच्या चिठ्ठीबद्दल शंका, तो नमुना बाद. कपाटं तपासायला एक संशोधक बाई आल्या. त्यांनी माझी बरणी खिडकीशी नेली आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

“सर, हा नर आहे. फेकू नका.”

“कशावरून? पिशवी कुठे दिसतेय? अंड्यांनी मादीचंही पोट फुगतं. आणि हा गेला की ओळच मोडली, मग ते तीन नळीमासे तरी कशाला ठेवायचे? चारही काढून टाका.”

“मी पोट उघडून दाखवते. आत पिल्लं निघाली, तर बापच ना?”

माझी पिशवी उघडणार! पिल्लं झाकून ठेवणं, एवढंच तर मी आयुष्यात केलं होतं. पण नाही उघडलं, तर आम्ही सगळेच कचऱ्यात जाणार होतो.

ज्याने नमुना तयार केला त्याला विचारल्याशिवाय चाकू लावायचा नाही, अशी या विभागाची जुनी रीत. म्हणून बाईंनी काकांना बोलावलं. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला ते काठी टेकत आले. त्यांनी चष्मा पुसला, चिठ्ठी वाचली आणि स्टुलावर बसले.

“माझंच अक्षर हे. बाई, तेव्हा आमच्या हिला सातवा महिना होता हो. पोट दिसलं की आई, एवढंच माझ्या डोक्यात. माझ्या चुकीपायी याला फेकायला निघालात होय?”

“फेकू द्यायचं नाही म्हणून तर तुम्हाला बोलावलं, काका. उघडू ना?”

काकांनी पूर्वीसारखी माझी बरणी उजेडात धरली. मग म्हणाले, “उघडा. पण हळू. आत लेकरं असतील.”

बाईंनी केसाएवढी बारीक चीर दिली. पिशवी उघडली. आत साठ-सत्तर पिल्लं होती, तांदळाच्या दाण्यापेक्षा लहान, शेपट्या गुंडाळलेली, डोळ्यांचे काळे ठिपके स्पष्ट. प्रमुखांनी भिंगातून पाहिलं. पुन्हा पाहिलं. “चारही राहू द्या,” एवढंच म्हणाले आणि बाहेर गेले.

काका ती चुकलेली चिठ्ठी फाडायला निघाले, तर बाईंनी त्यांचा हात धरला. “जुनी चिठ्ठी काढायची नसते, काका. चूक कुठे झाली, तेही पुढच्यांना कळायला हवं.” मग काकांनी दुसरी लिहिली: ‘नर. पिशवीत पिल्लं.’ आता दोन्ही माझ्यासमोर आहेत.

पिल्लं एका छोट्या काचेच्या नळीत भरून बाईंनी त्याच बरणीत, माझ्या शेजारी ठेवली. आयुष्यात पहिल्यांदा मी माझी लेकरं पाहिली. एकही जिवंत नाही, आणि तरीही मी त्यांच्यावरून नजर काढत नाही.

मित्रांनो, कुणावरही चिठ्ठी चिकटवण्याआधी नीट बघा. आणि कधी या कपाटापाशी आलात, तर आमच्या बरणीतलं स्पिरिट कुठवर आहे तेवढं पाहून जा. उतरलं असेल तर कुणाला तरी सांगा. माझं काय, मी जुना झालो. पण माझी पिल्लं कोरडी पडू देऊ नका.